न थांबणाऱ्या गाड्या

आमच्या पाम गावाच्या उगवतीला रेल्वे आणि मावळतीला समुद्र. 1864 च्या नोव्हेंबरात सुरतेकडून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत आगगाडी सुरू झाली, आणि तेव्हापासून देशातल्या भारीतल्या भारी गाड्या या पट्ट्यातून पळत आल्या. 1928 साली पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल आली, 1972 साली मुंबईची राजधानी आली. पळायच्या आमच्या शिवारांमधून, थांबायच्या मात्र भलतीकडे. शटलची वाट बघत बोईसरच्या फलाटावर उभं राहावं, राजधानी धडधडत जावी, आणि टोप्या, पदर, मासळीच्या पाट्यांवरची फडकी सगळं उडावं. वेग म्हणजे थोबाडीत बसल्यासारखा वारा, एवढंच आम्हा पोरांना कळलेलं. त्यात बसायला मिळत नव्हतं, म्हणून आम्ही स्वतःच पळायला लागलो. माझं तरी तसंच झालं.

तसा वेग आमच्याकडे रेल्वेनं आणला असं नाही. दांडी, नवापूर, सातपाटीकडच्या मांगेल्यांना तो पोटासाठीच लागायचा. मासा कुणाची वाट बघत नाही. जी होडी आधी बंदराला लागेल तिच्या मासळीला भाव चढा. त्यामुळे परतताना शीड कुठे तिरकं धरायचं, वारा पडला तर वल्ही कधी टाकायची, यात खरी हुशारी. पुढं होड्यांना इंजिनं बसली आणि ती चुरस गेली. इंजिन ज्याचं मोठं तो पुढं, यात बघण्यासारखं काय आहे?

बैलगाडीचंही तसंच. भात घालून गाड्या रिकाम्या परत निघाल्या की दोन गाडीवान एकमेकांकडे नुसते बघायचे. बोलणं काही नाही. मग धूळ. आजी ओरडायची, "बैल तुझा आहे, जीव त्याचा आहे!" ते वाक्य मला फार पुढं, 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली तेव्हा आठवलं. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यती सुरू झाल्या याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण बैलाच्या शेपटीला हात लावून मिळवलेला वेग मला कधीच आवडला नाही. आजीचंच खरं.

माझी शर्यत वाळूवर. चिंचणीचा किनारा ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. उतार इतका कमी की ओहोटीला पाणी दूरवर जातं आणि मागं सपाट, ओली, घट्ट वाळू राहते. यात एक मेख आहे. सुक्या वाळूत पाय रुततो, पाण्याखालच्या वाळूतही रुततो. मधला जो नुसता ओलसर पट्टा असतो, तिथं कणाकणांत अडकलेलं पाणीच वाळूला बांधून धरतं. तो पट्टा सापडला की अनवाणी पायाला जी उसळी मिळते, ती पुढं बूट घालून पक्क्या रस्त्यावर मला कधी मिळाली नाही. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांत मी चारशे मीटर पळायचो. बक्षिसं बेताचीच. पण उधाणाच्या दिवशी, ओहोटी लागल्यावर, सुरूच्या बनापासून खाडीच्या तोंडापर्यंत एका दमात जाणं, त्याला कसलं बक्षीस लागतं!

जगातला सगळ्यात वेगवान माणूस उसेन बोल्ट. 2009 साली बर्लिनला त्यानं शंभर मीटर 9.58 सेकंदांत कापले. हिशेब केला तर सरासरी ताशी साडेसदतीस किलोमीटर होतात, म्हणजे बोईसरच्या रिक्षाएवढेच. पण रिक्षात बसून कुणाचं ऊर फुटत नाही.

मग सायकल आली. तासाच्या भाड्यानं आणायची, आधी दांड्याखालून पाय घालून कैची, मग दांडीवर, मग सीटवर. तो रस्ता अणुशक्तीच्या प्रकल्पासाठी नीट झाला होता. साठच्या दशकात तारापूरला अमेरिकन कंपन्यांचे इंजिनीअर आले, त्यांच्या जीपगाड्या आमच्या गावावरून जायच्या, आणि 1969 साली वीज सुरू झाली. आमच्या वाट्याला आधी डांबर आलं. संध्याकाळी परनाळीकडून पास्थळपर्यंत वारा पाठीवर घेऊन सायकल सोडली की चाकांचा आवाज बदलायचा, डायनॅमोचा दिवा पांढरा व्हायचा. किती वेगात होतो कुणास ठाऊक. ताशी तीस असेल. ताशी तीसच्या वेगात डोळ्यांतून पाणी येतं, हे गाडीत बसणाऱ्याला पटणार नाही.

सत्तरीत कारखाने आले आणि रस्त्याला टँकर लागले. नोकऱ्या मिळाल्या, माझ्याच घरात त्या पगारावर चूल पेटली, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सायकल बाजूला पडली. टँकर मागून आला की पोरं सायकलीसकट गटारात उतरतात. पलीकडे अहमदाबाद हायवे. तिथं 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, सायरस मिस्त्रींसारखा माणूस मोटारीत गेला. त्या हायवेवर आमच्याकडची किती माणसं गेली असतील, त्यांची नावं कुठल्या पेपरात आली नाहीत. त्यातली बरीचशी वेगात नव्हतीच. रस्ता ओलांडत होती.

आता बुलेट ट्रेन येते आहे. 508 किलोमीटरचा मार्ग, ताशी 320 चा वेग, आणि बोईसरला स्थानक. जिल्ह्यातल्या किती गावांनी जमिनी द्यायला विरोध केला, तो मी बघितलाय. ज्यांच्या वाडीतून खांब गेले त्यांच्यासमोर या गाडीचं कौतुक करायला माझी जीभ उचलत नाही. आणि तरीही ती सुरू झाली की मी तिकीट काढणार. आयुष्यभर ज्या जातीच्या गाड्या तोंडावर वारा मारून गेल्या, त्यातली एक तरी आतून कशी असते ते बघणार.

वाढवण बंदराची पायाभरणीही 2024 च्या ऑगस्टमध्ये झाली. चिंचणीपासून ते काही लांब नाही. वाळूचं पुढं काय होईल, दर्यावरच्या माणसांचं काय होईल, यावर इथं घराघरांत वाद आहेत. नातीला त्यात रस नाही. ती बारा वर्षांची आहे, मोबाइल माझ्या हातात देते आणि घड्याळ लावायला सांगते. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी मला पळायला मनाई केलीय, म्हणून मी नुसता पट्टा दाखवतो. "अगं, तिकडं नको, तिथं रुतशील. इकडनं, या ओलीवरनं." ती चपला काढून माझ्या पायाशी ठेवते आणि सुटते.