खंडोबाचा रविवार

रविवारची सुट्टी ही जणू पंचांगातूनच आलेली गोष्ट आहे, अशा सहजतेने आपण तिच्याकडे पाहतो. वस्तुतः मुंबईच्या गिरणी कामगाराला ती मिळाली १० जून १८९० रोजी, आणि तीही अनेक वर्षांच्या मागणीनंतर. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव या मागणीशी कायमचे जोडले गेले आहे. मात्र त्या मागणीत धर्माचा जो आधार घेतला गेला, त्याची चर्चा फारशी होत नाही. कामाच्या ठिकाणी कामगाराच्या धर्माचरणाला किती आणि कशी जागा द्यावी, हा प्रश्न आज नवा समजून मांडला जातो. म्हणून ही जुनी कथा पुन्हा वाचणे अगत्याचे वाटते.

मुंबईत कापडगिरण्यांचा आरंभ १८५० च्या दशकात झाला. पुढच्या तीस वर्षांत कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो माणसे भोंग्याच्या तालावर जगू लागली. गावाकडचा दिवस सूर्याचा होता आणि वर्ष सणांचे होते; गिरणीत दोन्हीही यंत्राच्या स्वाधीन झाले. मोजक्या सणांना गिरण्या बंद राहत, परंतु नेमाची साप्ताहिक सुट्टी नव्हती. यंत्रे थांबलेल्या दिवशीही पुष्कळांना त्यांच्या साफसफाईसाठी जावे लागे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढांविषयी तो कायदा मुकाच राहिला. ज्याला देवाला जायचे असेल त्याने खाडा करावा आणि त्या दिवसाची मजुरी सोडावी, हाच त्या काळचा व्यवहार होता.

लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई, या त्यातील मागण्या होत्या.

यातला रविवार सर्वांत अडचणीचा. तो साहेबाच्या उपासनेचा दिवस. हिंदू मजुराला त्याचे काय, असा आक्षेप सहज सुचणारा होता. त्याला लोखंडे यांच्या नावाने मराठीत रूढ असलेले उत्तर असे, की रविवार हा खंडोबाचा वार आहे. आपल्याकडे प्रत्येक वाराला देव आहे. सोमवार शंकराचा, शनिवार मारुतीचा, तसा रविवार जेजुरीच्या मार्तंडाचा. परक्यांच्या दिनदर्शिकेतला दिवस अशा रीतीने कामगाराच्या स्वतःच्या देवघरात आणला गेला.

इथे साहित्याच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. कर्मकांडाचा कठोर टीकाकार असलेल्या पंथातला माणूस देवाच्या नावाने सुट्टी मागतो, ही विसंगती नव्हे काय? याचे उत्तर फुले यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) शोधता येईल. तिथे खंडोबा हा बळीराजाच्या राज्यातला अधिकारी म्हणून उभा राहतो. कष्टकऱ्यांच्या हरवलेल्या न्यायी राज्याची ती खूण आहे. हा संदर्भ लक्षात घेतला, तर खंडोबाचे नाव घेणे ही धर्माला दिलेली शरणागती ठरत नाही. श्रम करणाऱ्यांच्या इतिहासाचा तो उच्चार आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की देवाचे नाव पुढे करूनही मागितला गेला तो सर्वांसाठी एक मोकळा दिवस. त्या दिवशी कोणी जेजुरीची वाट धरावी, कोणी कपडे धुवावेत, कोणी सभेला जावे. पूजेसाठी रजा मागणाऱ्याला मालकापुढे आपली श्रद्धा सिद्ध करावी लागते; हक्काची सुट्टी घेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली आणि स्त्री कामगारांनीही तीत भाषणे केली. त्यानंतर दीड महिन्यात गिरणीमालकांनी मागणी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टीचे तत्त्व आले.

अर्थात ही कथा इथे सुफळ संपूर्ण होत नाही. याच गिरण्यांत मुसलमान विणकरही होते आणि शुक्रवारच्या दुपारची नमाज रविवारच्या सुट्टीत बसत नाही. सर्वांसाठी म्हणून निवडलेला दिवस कोणाचा तरी अधिक असतोच. स्वातंत्र्योत्तर कायदे याविषयी अधिक सावध दिसतात. १९४८ च्या कारखाना कायद्यातील साप्ताहिक सुट्टीच्या कलमात रविवारचे नाव नव्हते. ‘आठवड्याचा पहिला दिवस’ असे शब्द होते आणि बदली सुट्टीची सोयही होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या ठरवल्या. त्यांपैकी चार निश्चित आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेले चार सण मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायचे आहेत.

ते चार दिवस कोणाचे, हा प्रश्न प्रत्येक आस्थापनेत दरवर्षी नव्याने सोडवावा लागतो, आणि जिथे एखाद-दुसराच कामगार वेगळ्या धर्माचा असतो तिथे त्याचा सण यादीत येईलच असे नाही. त्या यादीसमोर बसताना १८९० चा धडा आठवावा. कामगाराच्या देवाचा मान राखायचा असेल, तर आधी कामगाराच्या वेळेवरचा त्याचा स्वतःचा हक्क मान्य करावा लागतो. खंडोबाच्या नावाने मिळालेल्या रविवारी किती जण देवळात गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ती ठेवण्याचा अधिकार मालकाला मिळाला नाही, हेच त्या विजयाचे खरे मोल आहे.