एका आज्ञावलीतून अनेक खिडक्या : एका संगणकीय रूढीची पूर्वपीठिका

एका आज्ञावलीतून चार स्क्रिप्ट एकदम चालू केल्या म्हणजे त्या चौघींचे लेखन एकाच टर्मिनलवर उमटते आणि ओळी परस्परांत मिसळतात. प्रत्येकीस स्वतंत्र खिडकी मिळावी, ही अपेक्षा स्वाभाविक होय; परंतु ती आपोआप पुरी होत नाही. विद्यार्थी याचा दोष बहुधा स्क्रिप्टला देतात. वस्तुतः त्याचे मूळ युनिक्सच्या बाल्यावस्थेत शोधले पाहिजे.

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली पीडीपी-७ यंत्रावर युनिक्स आकारास आली, तेव्हा प्रक्रिया दोनच होत्या. जोडलेल्या दोन टर्मिनलांपैकी प्रत्येकास एक. एका प्रक्रियेतून दुसरी निर्माण करणारी ‘फोर्क’ ही सोय मागाहून आली. मेल्विन कॉनवे यांनी तिची कल्पना १९६३ मध्ये मांडली होती, आणि बर्कलीच्या प्रणालीत ती प्रत्यक्षातही होती. डेनिस रिची यांनी १९७९ साली सिडनीच्या परिषदेत सांगितल्याप्रमाणे पीडीपी-७ वर ती यंत्रभाषेच्या अवघ्या २७ ओळींत साधली. (मराठीत ‘फाटा’ हा शब्द येथे नेमका बसता. मात्र रस्त्याचा फाटा फुटल्यावर मूळ रस्ता ओळखू येतो. येथे दोन्ही प्रती सारख्याच, आणि कोणती मूळ हे केवळ परत येणाऱ्या अंकावरून ठरते.)

अपत्य प्रक्रियेस जनकाच्या उघड्या फायली वारशाने मिळत. परंतु फायलीत पुढील लेखन कोठून करावयाचे, याची नोंद प्रत्येक प्रक्रियेपाशी वेगळी असे. परिणामी एका आज्ञालेखातील दोन आज्ञांचे लेखन एकाच फायलीत पाठविले, तर दुसरी आज्ञा पुन्हा आरंभापासून लिहू लागे आणि पहिलीचे लेखन पुसले जाई. तेव्हा ही नोंद प्रक्रियेबाहेरच्या सामाईक तक्त्यात नेण्यात आली. टर्मिनलच्या बाबतीत लेखनस्थानाचा प्रश्न उद्भवत नाही; तथापि वारशाचे तत्त्व तेच राहिले. एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांस हे सामाईकपण वरदान ठरले. एकदम चालणाऱ्यांस तेच जाचक झाले. त्या काळी टर्मिनल म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर सेकंदास दहा अक्षरे टंकणारे दूरमुद्रक यंत्र, आणि एका माणसापुढे असे यंत्र एकच. मग वाटणी कशाची करावयाची?

वाटणीचा प्रश्न चित्रपडद्यांमुळे उभा राहिला. रॉब पाइक आणि बार्ट लोकँथी यांच्या १९८२ च्या ‘ब्लिट’ टर्मिनलवर एकाच पडद्यावर अनेक खिडक्या दिसू लागल्या. पुढे १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत ‘छद्म टर्मिनल’ आले. त्याची टोके दोन : एका टोकाशी स्क्रिप्ट, जिला आपण टंकयंत्राशीच बोलत आहो असे वाटते; दुसऱ्या टोकाशी खिडकी रंगविणारी आज्ञावली. अर्थात् खिडकी ही स्क्रिप्टचा गुणधर्म नव्हे. ती स्वतंत्र प्रक्रिया आहे. म्हणून जनक आज्ञावलीने स्क्रिप्ट चालवावयाची नसून टर्मिनल चालवावयाचे, आणि स्क्रिप्टचे नाव त्याच्या स्वाधीन करावयाचे.

मार्क व्हँडेवूर्ड यांनी १९८४ मध्ये लिहावयास घेतलेल्या ‘एक्सटर्म’मध्ये ‘-ई’ या खुणेपुढे जी आज्ञा द्यावी तीच खिडकीत चालते. गंमत अशी की, जिम गेटिस यांच्या आठवणीप्रमाणे, एकाच प्रक्रियेने अनेक पडदे चालवावेत असा एक्सटर्मचा मूळ बेत होता, आणि त्याच्या अंतर्रचनेची दुर्बोधता काही अंशी त्याचेच फळ होय. रूढ झाले ते उलटच : जितक्या खिडक्या, तितक्या प्रक्रिया.

या व्यवस्थेत स्क्रिप्ट जनकाचे अपत्य राहत नाही, नातवंड होते. जनक ज्याची वाट पाहतो ते टर्मिनल. नातवंडाचे यशापयश त्याच्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. ज्यांना चार स्क्रिप्टपैकी कोणती फसली हे कळणे आवश्यक आहे, त्यांनी फलिताची नोंद स्क्रिप्टकडूनच फायलीत करवून घ्यावी, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

अलीकडच्या ‘ग्नोम टर्मिनल’ने तर हा कुलवृत्तांत आणखी गुंतागुंतीचा केला आहे. तेथे एकच सेवक-प्रक्रिया अनेक खिडक्या सांभाळते. म्हणजे १९८४ चा सोडलेला बेत दुसऱ्या वाटेने परतला आहे. दिलेली आज्ञा सेवकास निरोप पोहोचवून लगेच संपते, स्क्रिप्ट सेवकाच्या घरी जन्मते, आणि जनकाच्या वंशावळीत तिचे नावच लागत नाही. स्क्रिप्ट संपेपर्यंत थांबावयाचे असेल, तर ‘वेट’ हा विकल्प स्पष्टपणे द्यावा लागतो.