कागदावरचा वाद्यमेळ

तमिळ चित्रपटसंगीताच्या रसिकांमध्ये गेली तीन दशके एक वाद थांबलेला नाही. इळैयराजा यांच्या वाद्यमेळ-रचना आज कितपत टिकतात, त्या एका पिढीच्या तारुण्याची आठवण म्हणून ऐकल्या जातात की संगीत म्हणून स्वतःच्या बळावर उभ्या राहतात, हा त्या वादाचा विषय आहे. दोन्ही बाजूंचे लोक मात्र एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात, ती अशी की गाण्याची चाल आणि तिच्याभोवतीचा वाद्यमेळ ही एकाच माणसाची निर्मिती आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे गृहीतक बहुधा टिकले नसते, आणि म्हणून या वादाचे मूळ अभिरुचीत शोधण्याआधी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातील श्रमविभागणीत शोधणे भाग आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबईतील संगीतकार सामान्यतः हार्मोनियमवर चाल बांधत असे आणि ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांनी काय वाजवायचे हे ठरवण्याचे काम ‘अरेंजर’, म्हणजे वाद्यवृंद-संयोजक, करीत असे. हे संयोजक बहुतांशी गोमंतकीय ख्रिस्ती होते, कारण पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना अक्षरओळखीबरोबरच सोल्फेजो, म्हणजे लिहिलेले स्वर पाहताक्षणी गाण्याची विद्या, आणि व्हायोलिन शिकवले जात असे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत उसळणाऱ्या व्हायोलिनांमागे सेबास्टियन डिसोझा यांची लेखणी होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. श्रेयनामावलीत अशा माणसांच्या वाट्याला फार तर ‘सहाय्यक’ एवढे पद येई. गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोचले तेही 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका विनोदी गाण्यामुळे, त्यांनी लिहिलेल्या एखाद्या पानामुळे नव्हे. वनराज भाटिया यांच्यासारखा लंडन आणि पॅरिसमध्ये रीतसर शिकलेला व स्वतःचे संगीत स्वतः लिहिणारा संगीतकार मुंबईत होता, पण तो प्रामुख्याने समांतर सिनेमाच्या वर्तुळात राहिला. सेबास्टियन आज कालबाह्य झाले की नाहीत, असा वाद मुंबईत कधी रंगला नाही, कारण वाद घालण्यासाठी आधी नाव ठाऊक असावे लागते.

मद्रासमध्ये 1976 साली इळैयराजांच्या ‘अन्नक्किळी’ या चित्रपटाने जो बदल सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. आजच्या तेनी जिल्ह्यातील पण्णैपुरम या गावी 1943 साली जन्मलेले रासैया, म्हणजे पुढचे इळैयराजा, हे थोरले बंधू पावलर वरदराजन यांच्या फडाबरोबर कम्युनिस्ट पक्षाच्या सभांमधून गात-वाजवत वाढले, नंतर मद्रासला आले आणि मैलापूरच्या एका लहान खोलीत शिकवणाऱ्या धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य स्वरलिपी व स्वरसंवाद, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे परस्परांशी नाते, शिकले. कन्नड चित्रपटांचे संगीतकार जी. के. वेंकटेश यांच्याकडे त्यांनी पुढे सहाय्यक म्हणून उमेदवारी केली, म्हणजे मुंबईत ज्या पायरीवर गोमंतकीय संयोजक आयुष्यभर थांबले त्याच पायरीवरून ते वर चढले. ए. एम. राजा हे गायक-संगीतकार आधीच प्रसिद्ध असल्यामुळे निर्माते पंचू अरुणाचलम यांनी या नव्या राजाच्या नावामागे ‘इळैय’, म्हणजे धाकटा, हा शब्द जोडला, आणि वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही तो तसाच राहिला आहे.

त्यांच्या कामाची रीत त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्यांच्या सांगण्यातून पुष्कळ तपशिलाने कळते. ते वाद्याला हात न लावता थेट कागदावर ‘स्कोअर’ लिहीत. स्कोअर म्हणजे असे पान की ज्यावर बासरीपासून बेस गिटारपर्यंत प्रत्येक वाद्याची ओळ एकाखाली एक मांडलेली असते आणि उभे वाचले असता त्या क्षणी कोण काय वाजवत आहे हे डोळ्यांना दिसते. त्या पानावरून प्रत्येक वादकाच्या ओळीची वेगळी नक्कल उतरवली जाई, नकला स्टँडवर लागत, आणि प्रसाद स्टुडिओच्या दालनात सगळा ताफा एकत्र वाजवी. सारे एका दमात मुद्रित होत असल्यामुळे शेवटच्या रांगेतील एका व्हायोलिनवादकाचा एक स्वर चुकला तरी गायकासह सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पार्श्वसंगीताचीही तीच तऱ्हा होती: चित्रपटाचे एक रीळ पाहायचे, तिथल्या तिथे लिहायचे, वाजवून घ्यायचे आणि पुढच्या रिळाकडे वळायचे. हजाराच्या आसपास चित्रपट या वेगाशिवाय शक्य नव्हते; आणि त्यांतील कित्येक ठिकाणी जाणवणारी पुनरावृत्तीही, खरे बोलायचे तर, याच वेगाची देणगी आहे.

लिहिणारा आणि चाल सुचणारा एकच असल्याचा परिणाम गाण्याच्या बांधणीत दिसतो. 1978 सालच्या ‘चिट्टुक्कुरुवी’मधील एका युगुलगीतात दोन आवाजांच्या ओळी एकमेकींत अशा गुंफल्या आहेत की प्रत्येक ओळ स्वतंत्र चालते आणि दोन्ही मिळून तिसरीच आकृती उभी राहते, पाश्चात्त्य संगीतात या तंत्राला काउंटरपॉइंट म्हणतात. आधी चाल पक्की करून मग ती संयोजकाकडे सोपवली असती तर असे गाणे जन्मालाच आले नसते. त्यागराज आणि बाख या दोघांना अर्पण केलेल्या ‘हाउ टू नेम इट’ या 1986 च्या वाद्यसंगीताच्या संग्रहात हाच विचार चित्रपटाबाहेर नेलेला आहे. ‘हे राम’ (2000) या चित्रपटात तर काम उलट्या दिशेने झाले: गाणी एल. सुब्रमण्यम यांच्या संगीतावर आधीच चित्रित झाली होती, ते बाजूला झाल्यावर इळैयराजांनी पडद्यावरील ओठांच्या हालचालींना जुळतील अशी नवी गाणी बसवली, आणि वाद्यमेळ बुडापेस्टमध्ये मुद्रित केला.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 1992 च्या ‘रोजा’नंतर ए. आर. रहमान यांनी श्रोत्यांच्या कानाला वेगळ्या ध्वनीची सवय लावली. एकेक वाद्य सुटे मुद्रित करून संगणकावर थर चढवण्याच्या या रीतीपुढे जुन्या मुद्रणांतील व्हायोलिने विरळ आणि ताल कोरडा वाटू लागला. इळैयराजांनी स्वतः ‘पुन्नगै मन्नन’मध्ये (1986) सीक्वेन्सर, म्हणजे आधी नोंदवून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणारे यंत्र, वापरले होते हे खरे, पण त्यांचा विचार कागदावरच होत राहिला आणि काळाचा विचार ध्वनीत होऊ लागला. चाहते या टीकेला स्वररचनेची उदाहरणे देऊन उत्तर देतात आणि टीकाकार त्या उत्तराला ध्वनीच्या दर्जावर तोलतात, त्यामुळे वाद कधी संपत नाही. चांगल्या दालनात मुद्रण झाले की आक्षेपातला बराचसा जोर ओसरतो, हे ‘दळपती’तील (1991) मुंबईच्या वादकांनी वाजवलेल्या भागांवरून पटते. लिहिलेले पान तेच राहते, फरक ते वाजवण्या-मुद्रित करण्यात पडतो.

नव्या पिढीपुरते पाहिले तर ‘मंजुम्मेल बॉइज’ या 2024 च्या मल्याळम चित्रपटाने 1991 च्या ‘गुणा’तील गाणे ऐन कळसाला वापरले, त्यावरून इळैयराजांनी निर्मात्यांना नोटीस धाडली, आणि ते गाणे त्या वर्षी पुन्हा सर्वत्र वाजले. महाराष्ट्रात अजय-अतुल यांनी त्यांचे ऋण वेळोवेळी मानले असून ‘सैराट’साठी (2016) हॉलिवूडमध्ये पूर्ण वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेण्यामागे त्या परंपरेचा धागा स्पष्ट दिसतो.

8 मार्च 2025 रोजी लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने इळैयराजांची ‘व्हॅलियंट’ ही चार भागांची सिंफनी तेथेच सादर केली. भक्तांनी तिला आशियाची पहिली सिंफनी ठरवून टाकले, जे चूक आहे. जपानच्या कोसाकू यामादा यांनी 1912 सालीच सिंफनी लिहिली होती. एवढ्या मोठ्या विशेषणाची इळैयराजांना गरजही नाही. त्यांच्या वाद्यमेळाचे मोल ठरवायचे तर पाने अभ्यासकांच्या हाती आली पाहिजेत आणि मुद्रणे कानी पडली पाहिजेत. याच रॉयल फिलहार्मोनिककडून त्यांनी 1993 साली लंडनमध्ये मुद्रित करून घेतलेली पहिली सिंफनी मात्र अजून प्रकाशित झालेली नाही.