कूगेलमानबाईंना दिलेला सल्ला

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात मार्क्स येतो तो बहुधा दोनच शब्द घेऊन : पाया आणि इमला. १८५९ सालच्या एका प्रस्तावनेतले हे रूपक विद्यार्थी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि मार्क्सवादी समीक्षा तेथेच संपते. त्यापुढे जाण्याची जिद्द असणारा एखादा ‘कॅपिटल’चा पहिला खंड उघडतो, आणि पहिल्याच प्रकरणात वीस वार लिनन व एक कोट यांच्या समीकरणापाशी अडतो. पुस्तक कपाटात परत जाते. ही अडचण पुस्तकाइतकीच जुनी आहे आणि तिच्यावरचा एक तोडगा खुद्द मार्क्सनेच सुचवून ठेवला होता, याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते.

१८६७ च्या वसंतात मार्क्स हस्तलिखित घेऊन हॅम्बुर्गच्या प्रकाशकाकडे गेला आणि नंतर काही आठवडे हॅनोव्हरला डॉ. लुडविग कूगेलमान यांच्या घरी राहिला. मूल्यरूपाचा भाग सामान्य वाचकाला झेपणार नाही, तो अधिक शिकवण्याच्या रीतीने मांडायला हवा, असा आग्रह कूगेलमान यांनी धरला. त्यामुळे पहिल्या आवृत्तीत तोच विषय परिशिष्टात पुन्हा मांडला गेला. पुस्तक सप्टेंबरात निघाले, प्रती १,०००. पुढे ३० नोव्हेंबरच्या पत्रात मार्क्सने कूगेलमान यांना कळवले की, त्यांच्या पत्नीने आधी कामाच्या दिवसावरील, मग सहकार्य, श्रमविभाजन व यंत्रे यांवरील आणि शेवटी आद्य संचयावरील प्रकरणे वाचावीत. अवघड संज्ञा पतीने समजावून द्याव्यात, असेही त्यात आहे. (हा सूर आज खटकतो. पण सल्ला मोलाचा आहे.)

ही प्रकरणे सोपी आहेत म्हणून आधी वाचायची, असे आम्हांस वाटत नाही. त्यांत माणसे आहेत. कुंभारकामाच्या कारखान्यात सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत राबणारा नऊ वर्षांचा मुलगा आहे. राजघराण्यातील नृत्यसमारंभाचे पोशाख शिवताना सलग साडेसव्वीस तास काम करून १८६३ साली मेलेली वीस वर्षांची शिवणकामगार मुलगी आहे. सरकारी अहवाल आणि वर्तमानपत्रे यांतून मार्क्स साक्षी उभ्या करतो. कादंबरी वाचणाऱ्याला हे गद्य परके वाटत नाही. मात्र वाचता वाचता एक प्रश्न उभा राहतो : ठरलेली मजुरी चोख दिली, कोणाला फसवले नाही, तरीही मालकाजवळ वरकड मूल्य उरते कोठून? हा प्रश्न ज्याला पडला, त्यालाच लिनन आणि कोट यांच्याकडे परत जाण्याचे कारण सापडते. १९६९ साली आल्थ्युसरनेही पहिला भाग प्रथम वाचनात बाजूला ठेवण्यास सांगितले होते. पण बाजूला ठेवणे म्हणजे वगळणे नव्हे. शास्त्राकडे जाणारा राजरस्ता नसतो, असे मार्क्सने १८७२ साली आपल्या फ्रेंच प्रकाशकाला बजावलेच होते.

मराठी वाचकाने कामाच्या दिवसावरील प्रकरणाशेजारी आणखी एक कागद ठेवावा : नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढाकार घेतलेले १८८४ चे निवेदन. मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांच्या या निवेदनात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम अशा मागण्या होत्या. ‘कॅपिटल’चा इंग्रजी अनुवाद १८८७ चा. लोखंडे आले ते सत्यशोधक परंपरेतून. तेव्हा, सिद्धांत आधी आणि भान नंतर, हा आपल्या वर्गातला क्रम येथे टिकत नाही.

आणि येथेच मार्क्सच्या पानांत न मिळणारा प्रश्नही समोर येतो. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्याची मजुरी अधिक. पण धोट्यातली बॉबिन बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. कामाचा दिवस सर्वांचा एकच असला तरी खाते एक नव्हते. आमच्या विद्यार्थ्यांनी ‘कॅपिटल’चे ते प्रकरण मिटताना हा धोटा हाती घ्यावा, आणि मग पाया कोणता व इमला कोणता हे उत्तरपत्रिकेत लिहून पाहावे.