पेटीतली गिनी

दिव्यातील एका विद्यार्थ्याने आजीच्या पेटीतली सोन्याची ‘गिनी’ आम्हाला दाखवायला आणली. घरात लग्न होते. गिनी मोडून दागिना करायचे ठरले होते. सोने खरे आहे का, एवढेच त्याला हवे होते.

प्रथम नाव पाहू. खरी गिनी इंग्लंडमध्ये १८१४ नंतर पाडली गेली नाही. १८१७ पासून तिची जागा सॉव्हरिनने घेतली. आपल्याकडे मात्र जुनेच नाव चिकटून राहिले. १८९९ च्या कायद्याने सॉव्हरिन हिंदुस्थानात १५ रुपयांना चालू लागले. रुपया म्हणजे १६ पेन्स आणि सॉव्हरिन म्हणजे २४० पेन्स, असा हा हिशेब.

सॉव्हरिनचे वजन ७.९९ ग्रॅम. त्यात २४ पैकी २२ भाग सोने, उरलेले मुख्यतः तांबे. अशा मिश्रणाची घनता सुमारे १७.५ असते. आम्ही इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणे दोऱ्याने पाण्यात असे सोडले, की ते तळाला टेकणार नाही. काट्याने ०.४६ ग्रॅम दाखवले. म्हणजे नाण्याने ०.४६ घन सेंटिमीटर पाणी सारले. ७.९९ ला ०.४६ ने भागा, उत्तर १७.४ येते. तेवढ्याच वजनाचे पितळ जवळजवळ दुप्पट पाणी सारते. तेव्हा धातू पटला.

पण धातू खरा म्हणून नाणे खरे ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि मध्यपूर्वेत पुऱ्या कसाच्या सोन्याची नकली सॉव्हरिन पाडली गेली. ती आर्किमिडीजच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. म्हणून आम्ही भिंग घेतले.

एका बाजूस पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली १९१८. सनाच्या वर, जमिनीच्या पट्टीवर मधोमध रोमन लिपीतील बारीक ‘आय’ हे अक्षर दिसले. ‘आय’ म्हणजे इंडिया. हे नाणे दिव्याहून लोकलने तासाभराच्या अंतरावर, मुंबईच्या फोर्टमध्ये जन्मले होते!

पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि रुपये पाडायला पुरेना. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट निघाली. आयात होणारे सोने सरकार त्याच वर्षापासून ताब्यात घेत होते. त्या सोन्याची १९१८ मध्ये १५ रुपयांची सुमारे २१ लाख नाणी मुंबईत पाडली. मग तेथेच लंडनच्या टांकसाळीची शाखा उघडून सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. १९१९ मध्ये ही शाखा बंद झाली.

सोनाराच्या मुशीत सन आणि अक्षर वितळून जाते. सोने तेवढेच राहते. शंभर वर्षे उलटलेले नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. घरात वितळवायला मात्र कोणी अडवत नाही.

निर्णय आजींचा होता. आम्ही त्यांना भिंगातून ते अक्षर दाखवले. त्यांनी गिनी परत फडक्यात बांधली आणि “लग्नाचं पाहू दुसरं काहीतरी,” म्हणाल्या.

आपल्या वर्गातही असे नाणे येईल. ते घासून चकचकीत करू नका. वजन, सन आणि अक्षर वहीत आधी नोंदवा. ते मोडायचे की ठेवायचे, हा विचार त्यानंतर होऊ द्या.