दैनिक दर, कंत्राटी (ब्रिटन)

संगणक, अभियांत्रिकी, वित्त इत्यादी क्षेत्रांत भरती एजन्सीमार्फत मुदतीचे काम करणाऱ्या स्वतंत्र कंत्राटदाराला एका दिवसाच्या कामापोटी मिळणारा, आधी ठरवलेला मोबदला. पगारी रजा वा आजारपणाचे वेतन सहसा नसल्याने वर्षाचे सुमारे २२० दिवसच कमाईचे धरून हा दर ठरवणे शहाणपणाचे असते.

या व्यवहारात दर दोन असतात : ग्राहक कंपनी एजन्सीला देते तो आणि एजन्सी कंत्राटदाराला देते तो. १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्याने काम शोधणाऱ्याकडून शुल्क घेण्यास, काही अपवाद वगळता, मनाई केली असल्याने एजन्सीची कमाई या दोहोंमधील फरकातून, म्हणजे मार्जिनमधून होते. त्यामुळे एजंट मध्यस्थ असला, तरी तटस्थ नसतो. समजा, ग्राहकाकडून ५७५ पौंड घेऊन कंत्राटदाराला ५०० दिले, तर ७५ पौंडांचे हे मार्जिन ग्राहकाच्या दरावर सुमारे १३ टक्के आणि कंत्राटदाराच्या दरावर १५ टक्के भरते. म्हणून टक्केवारी कशावर काढली आहे, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ नाही. पहिल्याच फोनवर एजंट मागील कामाचा दर विचारतो. तो सांगून टाकला की पुढची घासाघीस त्या आकड्याभोवतीच फिरते, म्हणून आधी ग्राहकाने मंजूर केलेली दराची मर्यादा विचारणे श्रेयस्कर. मुदतवाढीच्या वेळी मात्र कंत्राटदाराची बाजू अधिक भक्कम असते, कारण काम माहीत असलेला माणूस बदलणे ग्राहकाला महाग पडते आणि एजन्सीलाही मार्जिन गमवायचे नसते.

दराचे खरे मोल करस्थितीवर अवलंबून असते. एप्रिल २००० पासून लागू झालेल्या ‘आयआर ३५’ नियमांनुसार, स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्याचे ग्राहकाशी असलेले नाते वस्तुतः नोकरीचे असेल, तर त्यावर नोकरदारासारखा कर लागतो. अशी कामे पुष्कळदा अंब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे कंत्राटदाराला कागदोपत्री नोकरीवर ठेवणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत केली जातात; तेव्हा मालकाच्या वाट्याचा राष्ट्रीय विमा, जो एप्रिल २०२५ पासून १५ टक्के आहे, तोही ठरलेल्या दरातूनच वळता होतो.

एजन्सीविषयक २००३ च्या नियमावलीनुसार, ग्राहकाने पैसे दिले नाहीत या सबबीवर एजन्सीला कंत्राटदाराचा मोबदला अडवता येत नाही. स्वतःच्या कंपनीमार्फत काम करणाऱ्याला या नियमांतून बाहेर पडण्याची मुभा आहे, पण तसे संमतिपत्र करारासोबत सहीसाठी आले, तर चांगल्या दराच्या आनंदात ते न वाचता सही करणे घातक ठरते, कारण त्यासोबत हे संरक्षणही जाते.