घोडखिंड ते लासवारी : चिलखती घोडेस्वारापुढे पायदळ का टिकतं?

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो तुम्हीच आमच्या गळ्यात घातलाय. युद्धकलेवर कुठलंही व्याख्यान झालं की शेवटी एखादा तरुण हात वर करतो आणि 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या त्या 'अन्सलीड' पायदळाबद्दल विचारतो. हातात भाला, दुसऱ्या हातात ढाल, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. असं पायदळ युरोपातल्या नखशिखांत लोखंड घातलेल्या सरदारांपुढे टिकेल का?

प्रश्न कल्पनेतला असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत या शिपायांची एक गोष्ट येते. तीन हजार जण एका शहराच्या वेशीपुढे उभे राहतात आणि घोडेस्वारांच्या लाटेमागून लाटा परतवतात. पण तिथले स्वार चिलखत न घालणारे आहेत, म्हणजे चिलखती स्वारांचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या शिपायांची शिस्त येते कुठून? लहानपणी गुलाम करून, खच्ची करून, नाव हिरावून घेऊन. माणसातला माणूस मारला की उत्तम शिपाई तयार होतो, असा त्या कल्पनेचा पाया आहे. आज आपण हा पायाच तपासून बघू. त्यासाठी फार लांब जायला नको, आपला पन्हाळा इथून वीस किलोमीटरवर आहे.

आधी घोड्याचं गणित समजून घेऊ. चारपाचशे किलोचं जनावर, वर चिलखत घातलेला स्वार, हातात भाला. हे सगळं अंगावर धावून येताना जमीन हादरते. पण घोडा काही वेडा नसतो. समोर माणसांची गच्च भिंत आणि त्यातून पुढे आलेली भाल्याची टोकं दिसली, तर तो सहसा त्यात घुसत नाही. बिचकतो, वळतो, थांबतो. मग घोडदळ जिंकतं कसं? तर समोरचा माणूस घोड्याच्या आधी बिचकतो म्हणून. रांगेतला एक जण मागं सरकला की फट पडते, फटीत पहिला घोडा शिरतो, आणि मग पाठ दाखवून पळणाऱ्यांची कत्तल होते. म्हणजे खरी परीक्षा भाल्याची नाही. शेजारचा उभा राहील, हा भरवसा आहे की नाही, याची ती परीक्षा आहे.

कोल्हापुरात मर्दानी खेळ न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. पट्टा फिरवणारा गडी आठवा. त्याच्याभोवती केवढी जागा मोकळी सोडावी लागते! ते कौशल्य अफाट आहे, पण ते एकट्याचं आहे. चार पट्टेकरी खांद्याला खांदा लावून उभे केले तर ते एकमेकांनाच जखमी करतील. घोडदळ अडवायला लागते ती कला वेगळी. ती दिसायला कंटाळवाणी असते : जागेवर उभं राहायचं, शेजाऱ्याला सोडायचं नाही.

ही कला युरोपातल्या सरदारांना पहिल्यांदा जोरात कळली ती ११ जुलै १३०२ रोजी, आजच्या बेल्जियममधल्या कोर्त्रायला. समोर फ्रान्सचं नामांकित चिलखती घोडदळ. आणि अडवणारे कोण? विणकर, खाटीक, कापड धुणारे-मळणारे कारागीर. त्यांनी ओढे आणि चर पुढ्यात ठेवले, लांब भाले आणि टोकदार सोटे रोवले आणि रांग धरली. फ्रेंच सरदार शेकड्यांनी पडले. त्यांच्या पायातले सोन्याचे आरे गोळा करून चर्चमध्ये टांगले, म्हणून ती 'सोन्याच्या आऱ्यांची लढाई'. आता हे विणकर खच्ची केलेले गुलाम होते का? मुळीच नाही. आपापल्या पेठेतले, एकाच धंद्याच्या संघातले, एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारे लोक होते. रांगेतून पळाला असता तर उद्या त्याच गल्लीत तोंड दाखवायचं होतं. शिस्तीचा हा एक झरा झाला : शेजार.

आता आपल्या मातीत येऊ. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याला पडला. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, १२ जुलैच्या रात्री, शिवाजी महाराज भर पावसात गडाबाहेर पडले आणि विशाळगडाकडे निघाले. पालखीत बसून शत्रूला फसवणारे शिवा काशीद तुम्हाला सांगायला नकोत. फसगत कळल्यावर सिद्दी मसूद पाठलागावर निघाला आणि गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मागं थांबले. सोबत परंपरा सांगते त्याप्रमाणे तीनशे माणूस.

तुमच्यातल्या कित्येकांनी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ही वाट तुडवली असेल. गुडघाभर चिखल, शेवाळलेले दगड, चार हातांवरचं दिसू नये असं धुकं. आता त्या जागी चिलखत घातलेला स्वार उभा करून बघा. वेग नाही, वळायला जागा नाही, घोड्याचा पाय ठरत नाही. त्या खिंडीत घोड्यावर बसून लढाई झाली असं कोणी समजू नये. तिथं घोडदळाचं घोडदळपणच संपलं होतं. कोर्त्रायच्या विणकरांनी जे काम ओढ्यांकडून आणि चरांकडून करून घेतलं, ते इथं सह्याद्रीनं आणि आषाढानं केलं.

पण जागा निम्मंच काम करते. उरलेलं निम्मं माणसांनी करायचं असतं, आणि इथं आपल्या सांगण्यात एक गफलत होते असं आम्हाला वाटतं. आपण पावनखिंड एकट्या बाजीप्रभूंची म्हणून सांगतो. पन्हाळ्यावर दोन्ही हातांत शस्त्र घेतलेला त्यांचा पुतळा आहे, तो योग्यच आहे. पण खिंड एका माणसानं धरता येत नाही. ती धरली बांदलांच्या माणसांनी. ही हिरडस मावळातली, एका खोऱ्यातली माणसं. बाजीप्रभू त्यांचे देशपांडे, वर्षानुवर्षांच्या ओळखीचे. डावीकडचा कोण आणि उजवीकडचा कोण, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आपण इथं का उभे आहोत हेही ठाऊक होतं : राजे गडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत. या लढाईनंतर दरबारातल्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांना देण्यात आला, असं सांगतात. मान एका वीराच्या घराला नाही, बांदलांच्या जमावाला गेला, हे लक्षात घ्या. त्या काळच्या लोकांना खिंड कोणी धरली ते नीट कळलं होतं.

इथं कोणी म्हणेल, खिंड होती म्हणून जमलं, उघड्या मैदानात काय? शंका रास्त आहे. तर आता आपण १३० वर्षं पुढे आणि सरळ राजस्थानात जाऊ.

महादजी शिंद्यांना १७८७ साली लालसोटजवळ तुंग्याच्या लढाईत राजपुतांपुढे माघार घ्यावी लागली. तेव्हा त्यांच्याकडे कवायती पलटणी नव्हत्या असं नाही, होत्या. पण पगार थकले होते, आणि लढाईनंतर लगेच बऱ्याच हिंदुस्थानी पलटणी तोफांसकट जयपूरकडे निघून गेल्या. कवायत तीच, बंदुका त्याच, पण भरवसा तुटला होता.

महादजींनी यातून धडा घेतला. सव्हॉय प्रांतातून आलेला डी बॉयन आधीपासून त्यांच्या चाकरीत होता. त्याला त्यांनी मोठा कंपू उभारायला सांगितलं आणि खर्चासाठी दोआबातला मुलूख तोडून दिला. अलीगड हे त्याचं ठाणं. त्या कंपूत पगार वेळेवर होत असे. जखमी शिपायाला जखमेच्या मानानं बक्षिसी मिळे आणि उपचार चालू असताना पगार कापत नसत. कायमचा अधू झाला तर अर्धा पगार आणि जमीन. हे शिपाई बहुतेक अवध-दोआबाकडचे होते, मराठी नव्हते. एका खोऱ्यातले नव्हते, एका जातीचेही नव्हते. मावळात जे काम शेजारानं केलं, ते इथं वेळेवर मिळालेल्या पगारानं आणि रोजच्या कवायतीनं केलं.

परीक्षा झाली १७९० मध्ये. जूनमध्ये पाटणला आणि १० सप्टेंबरला मेडत्याला. समोर मारवाडचे राठोड. घोडा, भाला, चिलखत ही त्यांची पिढीजात ओळख. मेडत्याला कंपूचा एक अधिकारी हुकमाची वाट न बघता आपल्या पलटणी घेऊन पुढे घुसला. ओळीत फट पडली आणि राठोडांनी नेमकी तीच गाठली. केशरी बाणा चढवलेले स्वार चारी बाजूंनी येताना पाहून डी बॉयननं पायदळाचा पोकळ चौकोन केला : चारी तोंडांना संगिनी, आणि तोफांतून छर्रे. राठोड पुन्हा पुन्हा चालून आले, तोफांच्या तोंडापर्यंत येऊन पडले. त्यांच्या शौर्याला तोड नव्हती. पण चौकोन फुटला नाही. लालसोटला जे जमलं नाही, ते तीन वर्षांत उघड्या मैदानात जमलं.

याचा अर्थ पायदळ अजिंक्य झालं असा काढू नका. १२९८ साली फॉलकर्कला स्कॉटलंडच्या भालाइतांनी इंग्रज सरदारांचे हल्ले अडवून धरले होते. पण मग तिरंदाजांनी बाणांचा वर्षाव केला, रांगांत भगदाडं पडली आणि घोडा आत शिरला. आपल्याकडे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला हेच उलट्या बाजूनं घडलं. इंग्रजांची ७४वी पलटण गावाच्या फार जवळ गेली, शिंद्यांच्या तोफांनी तिची ओळ फाडली आणि मग मराठी घोडेस्वारांनी तिला कापून काढलं. उरलेल्यांना इंग्रज रिसाल्यानं कसंबसं वाचवलं. तेव्हा तुमच्या त्या कादंबरीतल्या पायदळालाही आमचा हाच इशारा : समोर नुसते सरदार असतील तर टिकाल, पण सरदारांच्या मागं तिरंदाज किंवा तोफा असतील तर नुसतं उभं राहणं पुरणार नाही.

आता शेवटची गोष्ट. याच १८०३ सालात इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावलं. बरेच गोरे अधिकारी निघून गेले. डी बॉयनच्या जागी आलेला पेराँ इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. ज्यांनी कवायत शिकवली तेच पाठ फिरवून गेले. फौज तिथंच विस्कटायला हवी होती, नाही का?

१ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवारजवळ लासवारीला याच कंपूच्या पलटणी जनरल लेकपुढे उभ्या राहिल्या. सकाळी लेकच्या घोडदळानं हल्ला केला. स्वार तोफांच्या ओळीतून आरपार गेले. गोलंदाज तोफांखाली दडले, स्वार पुढे जाताच उठले आणि पुन्हा बत्ती दिली. घोडदळाला मागं घ्यावं लागलं आणि स्वतःचं पायदळ येईपर्यंत लेकला थांबावं लागलं. दुपारनंतर जे झालं त्यात या पलटणी जवळजवळ संपल्या, पण मोडल्या नाहीत. त्यांच्या झुंजीची तारीफ खुद्द लेकनं केली आहे. त्यातल्या साध्या शिपायांपैकी एकाचंही नाव आपल्या तोंडी नाही.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. कादंबरीतलं शिस्तबद्ध पायदळ चिलखती सरदारांना अडवेल का? अडवेल. इतिहासात अडवलेलं आहे, मैदानातसुद्धा. पण माणसाचं नाव पुसून, त्याला दगड करून शिस्त येते, हे मात्र आमच्या गळी उतरत नाही. आपण पाहिलेल्या रांगा टिकल्या त्या ओळखीवर, वेळेवर मिळालेल्या पगारावर, जखमी झालो तर कोणी बघेल या खात्रीवर. जिथं ही खात्री गेली, तिथं लालसोट झालं. आणि लासवारीला तर हुकूम सोडणारे गेल्यावरही रांग राहिली. तिला धरून ठेवणारं एकच उरलं होतं : शेजारी उभा असलेला माणूस.

पुढच्या आषाढात पावनखिंडीला जाल तेव्हा बाजीप्रभूंना मुजरा कराच. आणि मग घटकाभर थांबून त्या अरुंद वाटेवर किती माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू शकतील, ते मोजून बघा. हातावर मोजण्याइतकीच भरतील. म्हणजे बाकीची सगळी मागं, पावसात, पुढचा पडला की त्याच्या जागी जाण्यासाठी थांबलेली. त्या थांबलेल्या माणसांचा विचार करा, एवढंच आमचं मागणं.